श्वासाचा धनी कोण?

प्राणायामात आपण श्वास घेतो, रोखतो, सोडतो. म्हणून तो आपल्या ताब्यातला वाटतो. शरीर वेगळं सांगतं. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, फुप्फुसं फुलतात आणि हवा श्वासनलिकेतून कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोहोचते. गाढ झोपेतही हे थांबत नाही, कारण हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून सुटतो. तिथे ‘मी’ला कुणी विचारत नाही. योगाभ्यासी म्हणतील, कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, साधतोच की! साधतो, आणि ती साधना मोलाचीच. पण रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मस्तिष्कपुच्छ संकल्प मोडून काढतं. सोडण्यावरही पूर्ण ताबा नाहीच: जोर लावून श्वास सोडला तरी फुप्फुसांत सुमारे 1.2 लिटर हवा उरतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्राण म्हणजे हवा नव्हे. कौषीतकी उपनिषद तर प्राणालाच प्रज्ञात्मा, म्हणजे जाणिवेचा आत्मा, म्हणतं. मान्य. पण तो प्राण देहात टिकतो या हवेच्याच आधारावर, आणि हवेला कुंपण नाही. रस्त्यावर ताटकळलेल्या गाडीचा धूर चालकाच्या, भाजीवाल्याच्या आणि शाळकरी पोराच्या वायुकोशांत सारखाच उतरतो. म्हणून श्वासाचा विचार एकट्या साधकाच्या मोक्षापाशी थांबवणं मला अपुरं वाटतं. सिग्नलला इंजिन बंद करणं हीसुद्धा प्राणोपासनाच आहे.