सावली कोणाच्या खात्यावर?

निवृत्त मास्तरानं काय वाट्टेल ते करावं, पण परसात डुंबायला हौद बांधू नये. मी बांधला. दोष आमच्या चिरंजीवांचा. ते अमेरिकेत ॲरिझोनात असतात. तिथून त्यांनी फोटो धाडला. निळंशार पाणी, भोवती गुळगुळीत फरशी, वर लाकडी पट्ट्यांचं छत. खाली लिहिलं होतं, ‘बाबा, हा आमचा पॅटिओ.’ हिनं चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाली, “अहो, हा तर ओटाच की! पण पापड कुठे वाळवतात?”

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी माणसाला तत्त्वज्ञान सुचत नाही, पाणी सुचतं. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, तीन फूट खोल असा हौद मी कागदावर काढला. गवंड्यानं विचारलं, “म्हशीसाठी का जी, गुर्जी?” मी म्हणालो, “माझ्यासाठी.” त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “मंग थोडा मोठा करा लागन.”

हौदावर मांडव हवा. पूर्वेच्या भिंतीपलीकडे बुरडाचं घर आहे, म्हणून बांबूच्या ताट्या तिथेच सांगितल्या. बांबू हे खरं तर गवत; पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं होतं, आणि जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला पुन्हा गवत व्हायला २०१७ साल उजाडावं लागलं. माणसाला एवढ्या काळात तीन पिढ्या होतात. असो. शेजारच्या बाईंनी सांगितलं, बांबू आधी पाण्यात मुरवा, नाहीतर भुंगा पोखरतो. बांबूत पिठूळ अंश असतो, तो भुंग्याला आवडतो. पाण्यात तो निघून जातो. त्यामुळे माझ्या हौदात पहिली आंघोळ बांबूंनी केली, तीही तीन आठवडे. त्या पाण्याला जो वास सुटला, त्याचं वर्णन ही अजून जेवताना करते. ते पाणी पपईला घातलं आणि बोअरवेल सुरू करून हौद पुन्हा भरला.

मांडव उभा राहिला. नऊ फूट उंच, बारा फूट रुंद, पूर्वेची कड थेट भिंतीला. २०-२१ मेच्या सुमारास चंद्रपूरचा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. बारा वाजता मांडवाखाली सुरेख सावली. पण बारा वाजता मी जेवत असतो. झोप काढून साडेतीनला पंचा घेऊन गेलो, तर सूर्य पश्चिमेला कललेला आणि सावली मांडवाच्या उंचीइतकी, म्हणजे नऊ फूट पूर्वेला सरकलेली. बारातून नऊ गेले, माझ्याकडे उरले तीन. बाकीची सावली भिंत ओलांडून बुरडाच्या अंगणात. तिथे बाई चटई टाकून बांबू सोलत बसलेल्या. आजवर त्या भर उन्हात बसायच्या, हे मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं.

आता मला प्रश्न पडला. पैसे माझे, मांडव माझा, सावली त्यांची. मग पुण्य कोणाचं? गीतेनं फळाची आशा सोडायला सांगितलं आहे. मी तर आशा धरून बसलो होतो, फक्त फळ कुंपणापलीकडे पडलं. आमच्या भागाचं नावच तुकूम. गोंड राजांच्या काळी जो तलाव खोदेल, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, त्या पद्धतीचं हे नाव. म्हणजे राजालाही ठाऊक होतं की नुसत्या पुण्यावर कोणी कुदळ उचलत नाही. लोभानं खोदलेल्या तलावावरही गावाची गुरं पाणी पितात, आणि गुरं काही हेतू विचारत नाहीत. या विचारानं मी फार सुखावलो. नकळत घडलेलं चांगलं काम आपल्या खात्यावर धरायचं, असा ठराव मी एकमतानं मंजूर केला.

हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “मग नकळत घडलेलं वाईटही धरा. त्यांची विहीर यंदा अक्षय्य तृतीयेलाच आटली. दरवर्षी मेअखेरपर्यंत पुरते.”

मी म्हणालो, ऊन जास्त आहे. पण हिशेब मास्तराला सोडत नाही. हौद २४० घनफुटांचा, म्हणजे सुमारे ६,८०० लिटर. दोनदा भरला, १३,६०० झाले. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर ठरवले आहेत. म्हणजे एका माणसाचं आठ महिन्यांचं पाणी मी बांबूंना आणि स्वतःला पाजलं. माझ्या बोअरनंच त्यांची विहीर ओढली, हे सिद्ध कोण करणार? जमिनीखाली भिंत नसते, एवढंच मला ठाऊक. आणि सावलीचं श्रेय घेताना मी तरी कुठे पुरावा मागितला होता?

हिनं हौदाला पाइप लावून भिंतीवरून पलीकडच्या ड्रममध्ये सोडला. पाणी प्यायचं नव्हे, पण बांबू मुरवायला चालतं. हौद रिकामा झाला. साडेतीनला मला बसायला जागा नाही, म्हणून हल्ली मी त्यांच्याच अंगणात, माझ्याच मांडवाच्या सावलीत जाऊन बसतो. परवा बाईंनी चहा आणला. कप अर्धाच होता.

“पानी कमी हाये जी, गुर्जी,” त्या म्हणाल्या. “सावली मातर चांगली हाये. मांडव हलवू नोका.”