अंधारातले वचन

“लेकराला वेगळं निजवलं तर त्यात पाप आहे का, फादर?”

हा प्रश्न आम्हांस पापनिवेदनाच्या वेळी विचारला गेला नाही. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या ओसरीवर, चपला शोधण्याच्या गडबडीत आमच्या धर्मग्रामातील एका सुनेने तो विचारला. आम्ही हसलो, आणि त्यात हसण्याजोगे काही नव्हते हे लगेच आमच्या ध्यानात आले.

हे कुटुंब धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात राहते. बाईंना तेव्हा सातवा महिना होता आणि थोरला मुलगा अडीच वर्षांचा. झोळीचे हेलकावे थांबले की त्याचे डोळे उघडत. रात्रीतून चार-पाच वेळा तो आईला उठवी. दुसरे बाळ येण्यापूर्वी त्याने आतल्या खोलीत आपल्या अंथरुणावर रात्रभर निजायला शिकावे, एवढीच तिची अपेक्षा होती. सासूबाईंचे म्हणणे, “जनावर बी आपलं पिल्लू रातच्याला पोटाशी घेतं.” नवरा मात्र काहीच बोलत नव्हता. तो खाली जमिनीकडे पाहत उभा होता.

प्रथम आम्हांला हा चालीरीतींचा प्रश्न वाटला. आपल्याकडे मूल आईच्या कुशीत निजते ते केवळ खोल्या कमी म्हणून, असा अनेक शिकलेल्यांचा समज असतो. तो तितकासा खरा नाही. रिचर्ड श्वेडर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ओडिशातील भुवनेश्वरच्या आणि अमेरिकेतील प्रौढ माणसांपुढे त्यांनी एक कोडे ठेवले: घरात अमुक माणसे आहेत, खोल्या इतक्याच आहेत, तर कोणी कोणाशेजारी निजावे? उत्तरांतून उघड झाली ती सोय-गैरसोय नव्हे, तर नीतीची कल्पना. ओडिया माणसांच्या लेखी दुबळ्याचे रक्षण हे मोठे कर्तव्य, म्हणून लहान मुलाला एकटे ठेवणे त्यांना रुचेना. अमेरिकनांच्या लेखी पतिपत्नींचा एकांत आणि मुलाचे स्वावलंबन मोलाचे. निजण्याच्या जागेत धर्माधर्म असतो, हे आमच्या सासूबाईंना श्वेडरसाहेबांच्या आधीपासून ठाऊक होते एवढेच.

नवऱ्याचे मौन उलगडले ते आठवड्याभराने, आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झाले, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. गावे उशिरा निजलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीपासून सास्तूरपर्यंतची घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती. माथ्यावर मातीचे थर चढवून चढवून जड झालेली माळवदे होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे क्षणात निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या पहाटे हा गृहस्थ सहा वर्षांचा होता आणि आजीजवळ एका वाकळीत निजला होता. त्याला उकरून बाहेर काढले. आजीला काढले तेव्हा ती गेलेली होती. “ती माझ्या अंगावर होती, फादर,” तो म्हणाला. “एकटा असतो तर राहिलो नसतो.”

आम्ही त्या वर्षी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. दुःखाच्या समस्येवर आमची वही भरलेली होती, हे सांगताना आज संकोच वाटतो.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये घरातील सारी माणसे एका ओळीत निजत, आणि हा मुलगा कोणाच्या तरी कपड्याचे टोक मुठीत धरून झोपे. पुनर्वसनात २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी तीन मापांची घरे बांधली गेली, त्यांपैकी सर्वांत लहान घर यांच्या वाट्याला आले. कर्ज काढून मागच्या बाजूस खोली वाढवली ती अलीकडे. त्या नव्या खोलीत आपले मूल एकटे निजवायचे, या विचाराने त्याच्या पोटात गोळा येत होता.

सून म्हणाली, “भीती लेकराची नाहीच, त्याच्या बापाची आहे.” ते खरे होते, पण अर्धेच. बापाची भीती अज्ञानातून आलेली नव्हती. घाबरू नकोस, असे त्याला सांगणारे आम्ही कोण? ‘काही होणार नाही’ असे वचन मुलाला देण्यास तो धजत नव्हता, कारण असे वचन एका क्षणात खोटे ठरताना त्याने पाहिले होते. या घरात खरा प्रश्न खोलीचा नव्हता. अंधारात ज्याला सोडून आपण जाणार, त्याला खरेपणाने आपण काय सांगू शकतो, हा होता.

कारण मुलांना निजवताना आपण किती खोटे बोलतो! “मी इथंच आहे” असे आई म्हणते आणि डोळा लागताच पाय न वाजवता निघून जाते. आजी बागुलबुवाला बोलावते. हे सारे प्रेमापोटीच चालते. परंतु फसवला जाणारा जीव असा, की ज्याला जाब विचारता येत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात या जागेपणाची केलेली मीमांसा आम्हांला पटते. सगळीच माणसे रात्रीतून अनेकदा अर्धवट जागी होतात, आणि सारे जसेच्या तसे असले की कूस बदलून पुन्हा निजतात. हेलकाव्यात निजलेले मूल स्थिर अंथरुणावर जागे झाले, तर त्याचे जग बदललेले असते. आपण घरात निजलो आणि अंगणात जागे झालो, तर आपणही ओरडूच की.

फर्बरांनी सुचवलेला उपाय, म्हणजे ठरावीक आणि वाढत्या अंतराने मुलाजवळ जाणे व मधल्या वेळात त्याला रडू देणे, आम्हांला तितकासा रुचत नाही. तथापि न्यायाने सांगितले पाहिजे की ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे उपाय योजलेल्या आणि न योजलेल्या मिळून ३२६ मुलांचा मागोवा घेतला. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सहाव्या वर्षी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. नुकसान नाही आणि विशेष लाभही नाही. त्या कुटुंबांना दुसरा एक मार्गही दिलेला होता: पालकाने मुलाजवळ बसावे आणि हळूहळू आपली खुर्ची दूर न्यावी. रडू दिले की मन मोडते असे म्हणणारे आणि कुशीत घेतले की मूल बिघडते असे म्हणणारे, दोघांनीही यातून थोडे नरम व्हावे.

इंग्लंडचे बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एक विलक्षण गोष्ट मांडली: एकटे असण्याची क्षमता मूल शिकते ते कोणाच्या तरी सान्निध्यात. ऐकायला हे उलटे वाटते. आम्हांला मात्र आमच्या सेमिनरीतील पहिली रात्र आठवली. लोखंडी खाटांची रांग, घर शेकडो मैल दूर, आणि टोकाच्या खोलीच्या दाराखालून येणारी उजेडाची एक बारीक रेघ. तिथे कोणीतरी जागे होते. ते कोण, हे आम्ही कधी विचारले नाही.

बायबलमधील बाळ शमुवेलाची कथा आपण देवाच्या हाकेची कथा म्हणून वाचतो. ती एका मुलाच्या रात्रीचीही कथा आहे. आई हन्ना रामात. मुलगा शिलोच्या मंदिरात निजलेला. हाक ऐकून तो तीनदा उठतो आणि तीनदा एलीकडे धावतो. एली त्याला आपल्या अंथरुणात घेत नाही, पण एकदाही रागावत नाही. मी बोलावले नाही, जाऊन नीज, एवढेच सांगतो. डोळे मंदावलेला तो म्हातारा त्या रात्री मुलाला कशाचीही हमी देत नाही. मुलगा आला की तो उत्तर देतो, इतकेच.

त्या संध्याकाळी आम्ही नवऱ्याला हीच कथा सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काही होणार नाही असं म्हणता येणार नाही. हाक मार, मी येतो, एवढं म्हणता येईल.” आणि सुनेला तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच वेळी दिले: वेगळे निजवण्यात पाप नाही, फसवून निजवण्यात मात्र थोडे आहे.

झोळी सोडली. आधी आईच्या खाटेशेजारी गादी घातली, मग हातभर दूर, मग आतल्या खोलीत. उंबऱ्याशी बाप बसे. हे त्याने आपण होऊन मागून घेतले. गुपचूप निघून जायचे नाही, सांगून जायचे आणि सांगितल्याप्रमाणे परतायचे, हा नेम ठरला. घड्याळ मुलाला कळत नव्हते, म्हणून पहिल्या रात्री एक ‘नमो मरिये’ होईपर्यंत, पुढे पाच, मग दहा. आजीने आपल्या जुन्या लुगड्याची वाकळ त्याला दिली. कुरकुर तिची संपली नाही, पण वाकळ तिने रात्रभर जागून शिवली होती. तिसऱ्या रात्री तो फार रडला. एकदा ताप आला तेव्हा आठवडाभर पुन्हा आईजवळच निजला, आणि त्याला कोणी हार म्हटले नाही.

आता धाकटी मुलगी चार महिन्यांची आहे. तिचे अंथरूण आईच्या खाटेशेजारी आहे. पहिले निदान सहा महिने बाळ पालकांच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावे, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात. थोरला आतल्या खोलीत निजतो. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बाप म्हणाला, “तो आता हाक मारत नाही, फादर. मीच उठून बघून येतो.”

दोन खोल्यांमधले दार त्याने बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवले आहे. ते परत बसवण्याचा विषय घरात अजून कोणी काढलेला नाही.