पिंगला आणि आमचा दुकानदार

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात पिंगला नावाची गणिका आहे. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा दत्तभक्तांना नवी नाही. नटूनथटून ती दारात उभी राहते. हा गेला, आता दुसरा येईल, जास्त देणारा येईल, असं करता करता मध्यरात्र होते. शेवटी ती आशाच सोडते आणि सुखाने झोपते. कीर्तनात ही कथा वैराग्यासाठी सांगतात. माझा जन्म बँकेच्या काउंटरवर गेला, म्हणून असेल, मला ती ऐकली की दुकानदार आठवतात. रात्री साडेनऊला पेठेतून चक्कर मारा. रस्ता रिकामा, पण शेजाऱ्याचं शटर वर आहे म्हणून याचंही वर. एखादं गिऱ्हाईक येईल!

आमच्या शाखेसमोर एका शेठचं किराणा दुकान होतं. कॅश क्रेडिट खातं आमच्याकडेच. एका मार्गशीर्षात ते काउंटरवर आले नि हळूच म्हणाले, "साहेब, यंदा गुरुचरित्राचा सप्ताह करावा म्हणतो. सात दिवस दुकान बंद राहील. खात्याला काही अडचण?"

मी म्हणालो, "शेठ, मार्चमध्ये नूतनीकरण आहे. खात्यात उलाढाल दिसलेली बरी."

कागदोपत्री यात चूक काही नव्हती. पण ३६५ दिवसांतले सात म्हणजे दोन टक्केसुद्धा होत नाहीत. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढा हिशेब तेव्हाच सुचायला हवा होता. त्यांनी सप्ताह केला नाही. दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि पारायणाला मांडी घालून बसणं कायमचं राहिलं. सप्ताह केला असता तर झटका टळला असता, असं मी म्हणत नाही. ते कोण सांगणार? पण मला रविवार, सणवार, हक्काची रजा, सगळं पगारी होतं. आणि त्यांनी मागितलेल्या सात दिवसांवर मी मार्च महिना ठेवला, ही बोच जात नाही.

ताळेबंदात यंत्राला, फर्निचरला दरवर्षी घसारा लावतात. वापरलं की झिजतं, हे हिशेबशास्त्रालाही मान्य आहे. गल्ल्यावर चौदा तास बसणाऱ्या मालकाच्या झिजेला मात्र वहीत रकाना नाही. कायद्यातही तो बसत नाही. १९४८ च्या दुकाने कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावं लागे. गावची पेठ एकाच वारी बंद, त्यामुळे कुणाचं गिऱ्हाईक पळत नसे. २०१७ च्या कायद्याने ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. नोकराला साप्ताहिक सुट्टी आहे, ती हवीच. पण मालकाने आपली सुट्टी आपणच घ्यायची, आणि ती घेताना शेजारचं उघडं शटर बघायचं. अवघड आहे!

आता कुणी म्हणेल, पेन्शनरला विश्रांतीच्या गोष्टी सांगायला काय जातं? खरं आहे. गाळ्याचं भाडं बंद दिवशीही लागतं. बँक रविवारी बंद असते, व्याज नसतं. रोज विकून रोज खाणाऱ्या भाजीवाल्या मावशींना "एक दिवस बसा घरी" म्हणायची माझी छाती नाही. मी बोलतोय ते ज्याचं पोट भरलंय पण वाट बघणं सुटत नाही त्याच्याबद्दल. पिंगला काही भरपूर कमाई झाली म्हणून झोपली नव्हती. त्या रात्री तिची कमाई शून्य होती. तिने फक्त वाट बघणं थांबवलं.

आपल्या देवालाही शेजारती आहेच की. वाडीला पालखी झाली, शेजारती झाली की देव विश्रांतीला. लांबून आलेला भक्तही मग काकडआरतीपर्यंत थांबतो. देवाने दार लावलं म्हणून कुणी रुसून दुसऱ्या देवाकडे गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

शेठचं दुकान आता मुलगा चालवतो. गेल्या वर्षीपासून दर गुरुवारी दुपारनंतर बंद. मी वार विसरून साखरेला गेलो, तर कुलूप. शेजारचं दुकान उघडं होतं. पिशवी तशीच घेऊन घरी आलो, बायकोचं बोलणं खाल्लं आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा त्याच्याकडेच गेलो.