आवई आणि विचारणा

शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय 22, वचने 10 ते 34



आजचा शास्त्रपाठ आपल्या उपासनांत क्वचितच वाचला जातो. युद्धांच्या व जमिनीच्या वाटण्यांच्या वर्णनांनंतर तो येतो, म्हणून पुष्कळ वाचक तेथवर पोचण्यापूर्वीच थकतात. परंतु ह्या एका अध्यायात देवाने आजच्या दिवसासाठी जे शिक्षण साठवून ठेविले आहे, ते आपल्या प्रत्येक खेड्याला व प्रत्येक घराला अगत्याचे आहे.

हकीकत अशी. रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश हे आपल्या भाऊबंदांच्या खांद्याला खांदा लावून लढले, आणि काम संपल्यावर यार्देनेपलीकडे आपापल्या वतनाकडे परत निघाले. वाटेत नदीच्या काठी त्यांनी एक मोठी वेदी बांधली. ही वार्ता बाकीच्या इस्राएलांच्या कानी गेली. एका देवाच्या एका वेदीखेरीज दुसरी वेदी म्हणजे देवद्रोह, असे त्यांना वाटले, आणि सारी मंडळी शिलो येथे लढाईसाठी गोळा झाली. काल ज्यांच्या शेजारी बसून भाकर खाल्ली, त्यांच्यावर आज तलवार उपसण्याची तयारी झाली, आणि ती केवळ ऐकलेल्या बातमीवरून.

येथेच ती मंडळी थांबली. तलवार म्यानात ठेवून तिने आधी माणसे पाठविली. याजक एलाजाराचा पुत्र फिनहास आणि त्याच्यासोबत वंशावंशांतील दहा सरदार नदी ओलांडून गिलादास गेले आणि त्यांनी समोरासमोर विचारले. उत्तर काय मिळाले? ती वेदी होमबलीसाठी नव्हतीच. पुढे कधी नदीअलीकडच्यांची मुले नदीपलीकडच्यांच्या मुलांस 'तुमचा परमेश्वराशी काय संबंध?' असे म्हणतील, ह्या भीतीने साक्षीदाखल ती उभारली होती. जी वस्तू फितुरीची खूण वाटली, ती मुळात एकोप्याची खूण होती! फिनहासाचे समाधान झाले, त्याने परत येऊन खरे ते सांगितले, आणि लढाईची भाषा बंद झाली. एका विचारणेने हजारो घरे वाचली.

हा फिनहास कोण, हेही लक्षात आणा. गणना ह्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात हाती भाला घेऊन धावून गेलेला तो हाच. त्याच्या आवेशाविषयी कोणाला शंका नव्हती. तोच पुरुष येथे भाला घरी ठेवून प्रश्न घेऊन जातो. तेव्हा 'विचारणा करणारा तो थंड भक्तीचा' असे जर कोणी म्हणेल, तर त्यास फिनहासाकडे बोट दाखवावे. ज्याला देवाची खरी आस्था आहे, त्यालाच सत्याची खरी आस्था असते.

आता दुसरे एक चित्र पाहा. ते शास्त्रातील नाही, आपल्याच महाराष्ट्रातील आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा ह्या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष भिक्षा मागत तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी आवई त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. ह्या पाच जणांवर संशय आला, जमाव जमला, आणि पाचही जणांस मारमारून ठार करण्यात आले. पळविलेले मूल कोठेच नव्हते. नदी ओलांडून विचारायला जावे लागेल, एवढे अंतरही नव्हते. ती माणसे समोरच उभी होती आणि आपली भाषा बोलत होती. तुम्ही कोण, कोठले, येथे कशासाठी आला, हा प्रश्न शांतपणे विचारून उत्तर ऐकून घेणारा एकही फिनहास त्या गर्दीत पुरेसा बलवान ठरला नाही.

दोन वर्षांच्या आत, 16 एप्रिल 2020 रोजी रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक ह्यांचा असाच अंत झाला. तेथेही चोर फिरत असल्याची आवई आधी पोचली होती आणि माणसे मागाहून पोचली.

बंधूंनो, गोसावी, वासुदेव, नंदीबैलवाले हे आपल्या खेड्यांना परके नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ते दाराशी येत आले आणि आपल्या आयाबहिणी सुपातील पसाभर धान्य त्यांच्या झोळीत घालीत आल्या. त्यांचा पंथ निराळा, आपला विश्वास निराळा. परंतु दाराशी आलेल्यास रिकाम्या हाती न पाठविण्याची ही रीत आपण सुवार्तेपूर्वीही जाणत होतो, आणि सुवार्तेने ती मोडली नाही, उलट पक्की केली. लेवीय 19 मध्ये देव परक्यावर आपल्यासारखीच प्रीती करण्यास सांगतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा 13 वा अध्याय पाहुणचार विसरू नका असे बजावितो. शेकडो वर्षांची अशी रीत काही दिवसांच्या आवईने पुसून जावी, ही किती भयंकर गोष्ट! झोळी तीच होती, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आवईचा पडदा आला होता.

कोणी म्हणेल, हा सारा दोष त्या यंत्राचा. तसे म्हणून आपली सुटका होत नाही. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा मोबाइल नव्हता. तरी इस्पितळात नेलेल्या रोग्यांचे प्राण मुद्दाम घेतले जातात अशी आवई उठली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. जेथे उपचार व्हायचा, त्याच घरावर दगड पडले. 2021 साली करोनाच्या लसीविषयीही गावोगाव नाना कंड्या पिकल्या. यंत्र बदलले, जीभ तीच राहिली. याकोब आपल्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात जिभेला ठिणगीची उपमा देतो. मोबाइलने ठिणगी निर्माण केली नाही. त्याने तिला वारा दिला, इतकेच.

आपल्या जालना जिल्ह्यातील, परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावाचेच पाहा. निजामाचे राज्य होते तोवर, म्हणजे सप्टेंबर 1948 पर्यंत, बाहेरची वार्ता खेड्यात वाटसरूच्या तोंडून, नाही तर दवंडीतून येई. पुढे वर्तमानपत्र आले. वाचता येणारा एक, आणि ऐकणारे दहा. 1842 साली तेव्हाच्या अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघाले, त्याच्यासारखी मिशनची पत्रेही अशीच मोठ्याने वाचून ऐकविली जात. वाचणारा गावाच्या ओळखीचा असे, आणि त्याने चुकीचे सांगितले तर उद्या त्यालाच जाब विचारता येई. आज आष्टीतील कापूस, तूर, सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातच बातमी येते. भाव ती सांगते, पाऊस ती सांगते, सरकारी योजना ती सांगते, आणि शेजाऱ्याविषयी विषही तीच सांगते. मात्र ती कोणी लिहिली, कोठे लिहिली, हे तिच्यावर लिहिलेले नसते. जाब कोणाला विचारावा? म्हणून आता जाब स्वतःलाच विचारला पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी मनात ठेवू या.

पहिली गोष्ट ही की, आवई वाहणारा हाही तिचा भागीदार असतो. 'मी लिहिले नाही, आले ते पुढे धाडले,' असे आपण सहज म्हणतो. पण निर्गम 23 च्या आरंभीच खोटी वार्ता उठविण्याविरुद्ध आणि दुष्टाला हात देऊन साक्षीदार होण्याविरुद्ध ताकीद आहे, आणि लगेच पुढे, बहुजनांच्या मागे लागून वाईट करू नये, असा इशारा आहे. देवाच्या न्यायासनापुढे गर्दीला एकच एक तोंड नसते. तिच्यातल्या प्रत्येकाला आपापले तोंड असते. राईनपाड्याच्या बाजारात कोणी काठी उचलली ते न्यायालय पाहील. पण ज्या शेकडो बोटांनी ती आवई घराघरांत नेली, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत आहे? मत्तय 12 मध्ये प्रभूने म्हटले आहे की, माणसांना प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. बोटाने धाडलेला शब्दही शब्दच होय. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅप चालविणाऱ्या कंपनीने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी मर्यादा घातली. कंपनीला जर बोटांना लगाम घालावासा वाटला, तर ज्याच्या अंतःकरणात पवित्र आत्म्याचा वास आहे, त्याचा लगाम किती अधिक घट्ट असावा!

दुसरी गोष्ट ही की, अर्धे सत्य हे पुष्कळदा पुऱ्या असत्याहून घातक असते. त्या 2018 सालीच मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचे एक चलच्चित्र देशभर फिरले आणि त्याने आईबापांचा थरकाप उडविला. ते मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना सावध करण्याकरिता केलेले होते. त्यात मूल परत आणून सोडतात आणि बोध सांगतात. तो शेवटचा भाग कोणी तरी कापून टाकला. मुलांचे रक्षण व्हावे म्हणून केलेले चित्र शेपूट कापताच निरपराध्यांचा काळ झाले. ही युक्ती नवी नाही. मत्तय 4 मध्ये सैतान प्रभूपुढे शास्त्रवचनच ठेवतो, पण आपल्या सोयीपुरते तोडून. प्रभूच्या चौकशीच्या वेळी मंदिराविषयीचे त्याचे बोलणे असेच पिळवटून साक्षीदारांनी पुढे आणिले. आपला तारणारा तोडलेल्या शब्दांच्या साक्षीने वधस्तंभाकडे नेला गेला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तोडलेला शब्द पुढे ढकलावा काय? आरंभीच्या मंडळीवरही रोममध्ये इ. स. 64 सालच्या आगीचा आळ आला. पुढे प्रभुभोजनाविषयी अर्धवट ऐकून ख्रिस्ती लोक नरमांस खातात, असेही बोलले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी आवईचे घाव सोसले, त्यांच्या हातून दुसऱ्यावर तोच घाव पडणे हे दुहेरी पाप आहे. आपल्याविषयी कोणी खोटे बोलले की आपले काळीज जळते. मग दुसऱ्या जातीविषयी, दुसऱ्या धर्माविषयी, गावच्या विरुद्ध पक्षाविषयी काही वाईट आले की ते तपासावेसे आपल्याला का वाटू नये? मनाला गोड लागणारी निंदा ही सर्वांत आधी तपासण्याजोगी वार्ता होय.

तिसरी गोष्ट ही की, विचारणा हे प्रीतीचे कृत्य आहे. फिनहास व ते दहा सरदार पलीकडच्यांना काय म्हणाले, ते 19 व्या वचनात पाहा. तुमचा मुलूख अशुद्ध वाटत असेल तर आमच्या मुलखात या आणि आमच्यात वतन घ्या, असे ते सांगतात. म्हणजे चूक निघाली असती तरीही ते आपल्या जमिनीतला वाटा द्यायला तयार होते! जो आपला वाटा द्यायला तयार आहे, त्यालाच दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार शोभतो. तलवारीची तयारी आधी आणि चौकशी नावाला, अशी ती विचारणा नव्हती.

उपदेशक बंधूंनो, हे काम विशेषेकरून तुमचे आहे. पूर्वी पत्र वाचून दाखविणे हे तुमचे काम होते. आज पत्र पारखून दाखविणे हे आहे. प्रार्थनासभेनंतर लोक मोबाइल पुढे करून 'गुरुजी, हे खरे का?' असे विचारतील, तेव्हा त्यांना हसू नका, झिडकारू नका. त्यांच्याबरोबर बसून चार प्रश्न विचारा. हे कोणी स्वतः पाहिले? कोठे आणि केव्हा घडले? ज्याच्याविषयी आहे, त्याला कोणी विचारले काय? आणि हे खोटे निघाले तर कोणाचे घर जळेल? ह्या चारांची उत्तरे मिळेपर्यंत संदेश जेथे आहे तेथेच राहू द्यावा. अनुवाद 19 मध्ये एकाच साक्षीदारावरून कोणालाही दोषी ठरवू नये असा नियम आहे. ज्या संदेशाला एकही नावाचा साक्षीदार नाही, त्यावरून शेजाऱ्याला दोषी ठरविणे हे त्या नियमाहून किती दूर! आणि गावात खरोखरच कोणाचा संशय आला, तर जमाव न जमविता पोलीस पाटलाला व ठाण्याला कळवावे. जमाव जमू लागलाच, तर उपदेशकाने घरात दार लावून प्रार्थना करीत बसू नये. बाहेर येऊन प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी उभे राहावे. ती जागा धोक्याची आहे, हे खरे. परंतु मध्यस्थाची जागा नेहमीच धोक्याची असते, आणि आपला प्रभू तीच निवडून घेता झाला.

आणि कोणी आधीच खोटे पुढे धाडून बसला असेल, तर त्याने काय करावे? जक्कयाने घेतले होते ते चौपट परत केले. खोटे जेथे पेरले, तेथेच जाऊन ते उपटावे. ज्या ज्या मंडळींना धाडले, त्या त्या सर्वांना 'ते खरे नव्हते' असे कळवावे. लाज वाटेल, पण ती लाज एका निरपराध्याच्या रक्तापेक्षा हलकी आहे.

शेवटी हे स्मरू या की, आपण वार्तेचे लोक आहोत. सुवार्ता ह्या शब्दातच वार्ता आहे. आपल्याकडे पसरविण्याजोगे काही नाही असे नाही; जगाला हवी असलेली सर्वांत मोठी बातमी आपल्यापाशी आहे. पण ज्याच्या तोंडून काल खोटी आवई ऐकली, त्याच्या तोंडून आज प्रभूचे पुनरुत्थान कोण खरे मानील? बिरुया येथील लोकांनी खुद्द पौलाचे बोलणेही दररोज शास्त्राशी ताडून पाहिले, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या 17 व्या अध्यायात त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हटले आहे. पौलाला ताडून पाहणारे थोर ठरतात, तर एका निनावी संदेशाला ताडून पाहण्यात आपला काय कमीपणा?

हे सत्याच्या देवा, आमच्या कानांवर पहारा ठेव आणि आमच्या बोटांना आवर. दाराशी आलेल्या परक्यात आम्हांस तुझे लेकरू दिसू दे. गर्दी जमेल तेव्हा विचारण्याचे धैर्य दे, आणि आमच्या खेड्यांत तुझ्या शांतीची वार्ता खऱ्या माणसांच्या तोंडून पोचू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.