प्लगची साक्ष

न्यायालयातला साक्षीदार शपथ घेऊन बोलतो आणि तरीही त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. मोटारीच्या इंजिनातला स्पार्क प्लग शपथ घेत नाही. पण पाना लावून तो बाहेर काढला आणि उजेडात धरला, की आत काय चालले आहे ते निमूटपणे सांगून टाकतो. त्याचे पांढरे नाक तांबूस-करड्या रंगाचे आणि कोरडे असेल तर सिलिंडरात सारे ठीक आहे असे समजावे. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते आहे. काळे आहे, पण ओले, तेलकट, बोटाला चिकटणारे असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा वॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत उतरते आहे. आणि नाक पांढरेफटक, फोड आल्यासारखे दिसले तर आत उष्णता हद्दीबाहेर गेली आहे. म्हणजे प्लगला कामे दोन: ठिणगी पाडणे हे एक, आणि साक्ष देणे हे दुसरे. पहिल्या कामासाठी आपण त्याला विकत घेतो. दुसरे तो फुकट करतो, म्हणूनच की काय, त्याची किंमत सहसा कोणी करीत नाही.

जुन्या गाडीला प्लग निवडायची वेळ येते तेव्हा ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात, आणि जो प्रश्न निव्वळ पाना-पक्कडीचा वाटत होता तो बघता बघता नीतीचा होऊन बसतो. तो प्रश्न मांडण्याआधी यंत्राची थोडी ओळख करून द्यावी लागेल. ज्यांना ती आहे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडून द्यावेत.

प्लगच्या मधल्या काडीत आणि बाजूच्या वाकड्या नखात जी मोकळी जागा असते तिला गॅप म्हणतात. 1489 सीसीचे इंजिन असलेल्या जुन्या अँबॅसडरला ही जागा 25 थाऊ, म्हणजे इंचाचे 25 हजारांश, मिलिमीटरमध्ये सांगायचे तर 0.63 च्या आसपास ठेवायची असते. गंमत अशी, की लोखंड कापण्याच्या साध्या हॅक्सॉच्या पात्याची जाडी जवळजवळ तेवढीच असते. त्यामुळे फीलर गेज हाताशी नसले तरी पात्याची दात नसलेली कड सारून मिस्त्री गॅप बसवतात, आणि ती बरोबर बसते. वाकवायचे ते नेहमी बाहेरचे नख. मधल्या काडीला जोर लावला तर चिनी मातीचे नाक तडकते आणि प्लग कायमचा जातो.

ही जागा फार कमी ठेवली तर ठिणगी पडते, पण इतकी चिमुकली की तिच्या भोवतालचे थंड धातूच तिचा जीव घेतात. गाडी उभ्या जागी थरथरते, मिसिंग करते. फार जास्त ठेवली तर कॉइलला तेवढी उडी मारणे झेपत नाही. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लग बाहेर काढून, वायर लावून, इंजिनच्या अंगावर टेकवून किल्ली फिरवली की निळी ठिणगी पडताना दिसते, आणि मालक समाधानाने मान डोलावतो. पण बाहेर मोकळी हवा असते. आत पिस्टनने दाबून घट्ट केलेले मिश्रण असते, आणि दाब वाढला की तेवढ्याच अंतरावरून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. बाहेर ठणठणीत दिसलेला प्लग आत दाबाखाली मुका राहू शकतो. शिवाय प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अदृश्य कण झिजतो. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या इंजिनात एकेका प्लगला मिनिटाला 1500 वेळा पेटावे लागते. तेव्हा एकदा नीट बसवलेली गॅप पुढे आपोआप रुंदावत जाते. ती पुन्हा मोजावी लागते. या कामात चिकाटी लागते, नीतिशास्त्र नव्हे. गॅप बरोबर असते किंवा चुकीची असते, आणि त्यात वादाला जागा नाही.

वाद सुरू होतो तो प्लगच्या जातीपाशी. प्लग गरम असतात आणि थंड असतात. याचा अर्थ गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते असा मुळीच नाही, जरी पुष्कळ लोक तसे समजतात. फरक आहे तो नाकाच्या लांबीचा. नाक लांब असले की त्याला बसलेली उष्णता बाहेरच्या लोखंडापर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो, म्हणून टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असले की उष्णता चटकन निघून जाते, हा थंड. टोक साधारण 450 अंश सेल्सियसच्या खाली राहिले तर त्यावर काजळी साठते; त्याच्या वर गेले तर ते स्वतःची घाण स्वतःच जाळून टाकते. पण 850-900 अंशांच्या पलीकडे गेले, की ठिणगीची वाट न बघता ते निखाऱ्यासारखे स्वतःच मिश्रण पेटवते, आणि तेही पिस्टन अजून वर चढत असताना. (कंपन्यांच्या आकड्यांवर विसंबणाऱ्याने जपून राहावे. चॅम्पियनचा आकडा वाढला तर प्लग जास्त गरम, एनजीकेचा वाढला तर जास्त थंड.) गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात नेमका कोणता प्लग बसवावा हे छापलेले असते, आणि ते त्या इंजिनाच्या नव्या कोऱ्या अवस्थेला धरून लिहिलेले असते.

आता पंचेचाळीस-पन्नास वर्षांची गाडी घ्या. रिंगा झिजल्या आहेत, बोअर अंडाकृती झाला आहे, ऑइल वर चढते आहे. पुस्तकातला प्लग लावला तर दोनतीनशे किलोमीटरांत तो ओला होतो, ऑइलची काजळी नाकावर साचते, वीज गॅपवरून उडी मारण्याऐवजी त्या काजळीवरून घसरत निघून जाते आणि एक सिलिंडर बंद पडतो. यावरचा खरा उपाय म्हणजे इंजिन उतरवणे, रिबोअर करणे, नवे पिस्टन आणि रिंगा घालणे. हा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीएवढा होतो. दुसरा उपाय म्हणजे त्या सिलिंडराला एक नंबर गरम प्लग लावणे. टोक तापते, ऑइल जळून जाते, गाडी चारही सिलिंडरांवर चालू लागते. आणि पुढच्या खेपेला प्लग काढून पाहावा तर तो तांबूस-करडा, कोरडा, निरोगी!

ऑइल तितकेच जळते आहे. रिंगा होत्या त्याहून थोड्या जास्तच झिजल्या आहेत. बदलली आहे ती फक्त साक्ष.

यावर दोन मते ऐकू येतात. एक कर्मठांचे: पुस्तकात छापला आहे तोच प्लग लावावा, दुसरा लावणे म्हणजे रोग झाकणे. मला हे मत निर्दय वाटते. पुस्तक लिहिणाऱ्याने ही झीज पाहिलेली नव्हती. आज पंपावर मिळणाऱ्या, 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलची तर त्याला कल्पनाही नव्हती. तरुणासाठी लिहिलेला आहार म्हाताऱ्याला सक्तीने भरवण्यात कसली आली निष्ठा? मुंबईत फियाट म्हणूनच ओळखली जाणारी पद्मिनी 2023 मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उठली. अशा टॅक्सीचा ज्याच्या घरी रोजच्या भाड्यावर चूल पेटत असे, त्याला महिनाभर इंजिन उतरवून बसायला सांगणारा सत्यनिष्ठ मनुष्य स्वतः बहुधा लोकलने प्रवास करीत असावा. दुसरे मत व्यवहाऱ्यांचे: गाडी चालते ना? मग झाले. हे मत दयाळू दिसते, परंतु त्याच्या दयेला स्मरणशक्ती नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

कारण गाडी विकली जाते. घेणारा शहाणा असेल तर बरोबर मिस्त्री आणतो, मिस्त्री प्लग काढतो, रंग पाहतो आणि इंजिन चांगले आहे असा निर्वाळा देतो. विकणारा एक शब्दही खोटा बोललेला नसतो. त्याने बोअर नवा आहे असे म्हटले नाही, रिंगांचे नावही काढले नाही. त्याने फक्त प्लगला बोलू दिले. महाभारतात अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. धर्मराजाने तसे सांगितलेही, मात्र नेमका जो शब्द ऐकू जायला हवा होता तो द्रोणांच्या कानी पडला नाही. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर राहणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे. लबाडी कोठे सुरू होते हे व्यासांइतके नेमके फार थोड्यांनी मोजले असेल. खोट्या शब्दाची गरजच नसते. खरा शब्द ऐकू येणार नाही एवढी व्यवस्था पुरते.

पण समजा, गाडी विकायची नाही. मालक तोच, चालवणारा तोच, आणि गरम प्लग कोठे बसवला आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. मग तर कोणाची फसवणूक नाही? आज नाही. पण सहा महिन्यांनी तो प्लग काढतो, रंग बघतो आणि सुखावतो. वर्षाने तो मित्राला सांगतो की या इंजिनाने कमाल केली, अजून ऑइल वर येत नाही. आपणच पढवलेल्या साक्षीदाराच्या जबानीवर आपलाच विश्वास बसतो. शाळेत काठावरच्या मुलाला चार गुण वाढवून पस्तिसावर आणणाऱ्या मास्तराला त्या मुलाचे गणित किती कच्चे आहे हे माहीत असते, आणि तो त्याला मागच्या बाकावरून पुढे बोलावून शिकवू शकतो. पण पुढच्या इयत्तेच्या मास्तराच्या हाती फक्त पस्तीस हा आकडा येतो. दया दाखवणाऱ्याकडे ज्ञान राहिले आणि दयेचे फळ तेवढे पुढे गेले, की मुलाचे नुकसान व्हायला सुरुवात झाली.

गाडीचे नुकसान गावात होत नाही. बाजार, स्टेशन, शाळा एवढ्या फेऱ्यांत गरम प्लग अगदी सुखाने नांदतो. किंबहुना तेथेच तो उपयोगी पडतो. मे महिन्यात, भरल्या कुटुंबानिशी, टपावर सामान लादून गाडी कसाऱ्याच्या घाटाला लागते, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला राहतो, आणि आधीच तापट असलेले ते टोक निखारा होते. चढत्या पिस्टनच्या डोक्यावर वेळेआधी स्फोट होऊ लागतात, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. यातही विपरीत असे, की ज्या सज्जनाने गाडी विकत घेऊन प्रामाणिकपणे रिबोअर केले, नव्या रिंगा घातल्या, पण प्लग चांगले दिसतात म्हणून तेच ठेवले, त्याला धोका अधिक. कारण आता टोक ओले करणारे ऑइल उरले नाही. ज्या कारणासाठी सवलत दिली होती ते कारण संपले आणि सवलत मात्र जागच्या जागी राहिली. तिचे मोल भरतो तो ती देणारा नव्हे, ज्याला ती दिली तोही नव्हे. भरतो तो घाट चढणारा तिसराच, ज्याला कोणी काही सांगितलेले नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे. गरम प्लग जरूर लावावा, परंतु लावणाऱ्याने त्याबरोबर चिठ्ठीही लावावी. कोणत्या सिलिंडराला, कोणत्या महिन्यात, कशासाठी, हे रंगाच्या ब्रशाने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिले तरी चालेल. प्लगची जबानी आपण बदलली, तर ऑइलच्या काडीची जबानी तरी नेमाने टिपून ठेवावी. हजार किलोमीटरांना किती ऑइल घालावे लागले हा आकडा गरम प्लगने बदलत नाही. (काही जण जाड ऑइल घालून त्याही साक्षीदाराला गप्प करतात आणि निळा धूरही लपवतात. त्यांच्याविषयी येथे बोलण्यासारखे काही नाही.) चिठ्ठीमुळे गाडीची किंमत पाचदहा हजारांनी उतरेल, अशी तक्रार होईल. उतरेलच. ती किंमत मुळातच तेवढी कमी होती.

आणि ओले होऊन काढलेले ते जुने प्लग वायरब्रशने घासून चकचकीत करू नयेत, फेकूही नयेत. वर्तमानपत्राच्या कागदात जसेच्या तसे गुंडाळून डिकीत स्टेपनीजवळ ठेवावेत, आणि गिऱ्हाईक आले की किल्लीबरोबर ती पुडीही त्याच्या हातात द्यावी. त्याने ती उघडावी, वास घ्यावा, आपल्या मिस्त्रीला दाखवावी, आणि मग भावाचे बोलणे सुरू करावे.