फडताळ लहान, पसारा मोठा

संग्रह किती करावा, हा प्रश्न शास्त्रकारांनी फार पूर्वीच हाती घेतला आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाचे चार प्रकार सांगितले आहेत. एक कोठारभर धान्य राखणारा, दुसरा रांजणभर राखणारा, तिसरा तीन दिवसांपुरते ठेवणारा, आणि चौथा उद्याचीही तजवीज न करणारा. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ, असा तेथे निर्वाळा आहे. योगसूत्रांतही अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक. हे सारे खरे. पण प्रपंच करणारा गृहस्थ आम्हांला विचारील, "बुवा, तुमचा चौथा प्रकार पोथीत शोभतो. आमच्या घरी माणसं सहा, खोली एक आणि भिंतीत फडताळ एक. त्यात गोधड्या ठेवू की अपरिग्रह?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फडताळापुढे उभे राहूनच दिले पाहिजे.

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाक, अंथरुणे, मुलांची दप्तरे, देव, आणि गावाहून आलेला पाहुणाही. अशा खोल्यांतून पिढ्यान् पिढ्या संसार झाले. जागा कशी वापरावी, हे ज्याला शिकायचे असेल त्याने अशा घरातल्या माउलीजवळ शिकावे. तेथे आम्ही जे पाहिले ते आधी सांगतो, विचार मागून.

प्रथम फडताळ पूर्ण रिकामे करावे. अर्धे काढून अर्धे तसेच ठेवले, तर आवरणे होत नाही, नुसती हलवाहलव होते. मग जड ते खाली, हलके ते वर. पितळी पातेली, पाटा-वरवंटा खाली. दिवाळीची पणती, गौरी-गणपतीचे सामान वर. रोज लागणारे मात्र हाताच्या उंचीवर, कारण ज्यासाठी रोज स्टूल घ्यावे लागते ती वस्तू परत जागेवर जात नाही. भांड्यात भांडे घालावे. आपली जुनी उतरंड दुसरे काय सांगत होती? दोन फळ्यांमध्ये हातभर पोकळी उगीच पडली असेल, तर मध्ये एक आखूड फळी ठोकावी. दाराच्या आतल्या अंगाला चार खुंट्या माराव्यात. ती जागा बहुतेक घरांत फुकट जाते. कपड्यांची वळकटी उभी लावली, म्हणजे एक ओढताना दहा ढासळत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून सामान आणि भिंत यांत दोन बोटे अंतर राखावे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. एवढे केले, म्हणजे त्याच फडताळात बरेच अधिक सामान मावते.

पण खरा प्रश्न येथेच उभा राहतो. जागा निघाली, आता तिचे करायचे काय? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: आणखी आणायचे. म्हणजे व्यवस्था ही हव्यासाची दासी झाली. वरळीच्या त्या चाळींच्या जागी उठलेल्या नव्या इमारतींत २०२५ साली पहिल्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे. फार आनंदाची गोष्ट झाली. पण मोठे घरही भरतेच. म्हणून किती मावते, हा प्रश्न पुरेसा नाही. कोणासाठी मावते, हे विचारले पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. लहान घरात कोणतीही वस्तू नुसती बसत नाही, ती कोणाला तरी उठवून बसते. सासूबाईंचे लग्नातले पितळेचे हंडे वीस वर्षे न वापरता फळी अडवून बसले, आणि नव्या सुनेची साडी खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत चुरगळते. वडिलांच्या जुन्या कागदांची गाठोडी खालच्या कप्प्यात, आणि दहावीच्या मुलाची पुस्तके खिडकीत भिजतात. आजोबांना वाकता येत नाही, पण त्यांचे औषध तळाशी. येथे लोभ कोणाचा, हे बोट दाखवून सांगता येणार नाही. तरी अन्याय झालाच ना? तेव्हा अपरिग्रह म्हणजे केवळ स्वतःचे ओझे उतरवणे नव्हे, तर दुसऱ्याला जागा करून देणे. फडताळ आवरताना पहिला प्रश्न हा असावा, की या घरात कोणाला एकही फळी नाही?

कोणी म्हणेल, "गरिबाला टाकायला सांगणं सोपं आहे हो." बरोबर आहे. ज्याच्या हाती उद्याचा भरवसा नाही, तो रिकामा डबा आणि दोरीचा तुकडाही जपतो. त्याला आम्ही लोभी म्हणणार नाही. तो त्याचा शहाणपणा आहे. पण गरजेसाठी ठेवलेले आणि सवयीने साचलेले यांत फरक आहे, आणि तो ज्याचा त्याला कळतो. ज्या वस्तूचे नाव फडताळ रिकामे केल्यावरच आठवले, ती बहुधा दुसऱ्या प्रकारची.

मग ती द्यावी. पण कशी? कठोपनिषदात वाजश्रवसाने पाणी पिऊन, गवत खाऊन, दूध देऊन संपलेल्या गाई दान दिल्या, आणि ते पाहून कोवळ्या नचिकेत्याच्या मनात खळबळ झाली. फाटकी चादर आणि कान तुटलेला कप देऊन पुण्य जोडू पाहणाऱ्याने ती कथा आठवावी. मोडके असेल ते भंगारवाल्याला घालावे. दान म्हणून द्यायचे ते धड असावे, धुतलेले असावे, घेणाऱ्याला लाज वाटणार नाही असे असावे.

वारकऱ्याला हे कठीण का वाटावे? आळंदीहून पंढरीपर्यंतचे जवळजवळ तीन आठवडे एका पडशीत भागतात, आणि तंबूत आपण सरकून शेजाऱ्याला पाठ टेकायला जागा देतो. तेच सरकणे घरी आणावे. येत्या एकादशीला फराळाची भांडी घासून झाली, की घरच्या सर्वांनी मिळून फडताळ रिकामे करावे, आणि ज्याला जागा नव्हती त्याची फळी आधी लावावी. उरेल त्यात बाकीचे. आणि एक कोपरा रिकामाच राहू द्यावा. येणाऱ्या पाहुण्याची पिशवी कुठेतरी ठेवावी लागतेच.