जुना प्लग भंगारात टाकण्याआधी

कुवारबाव, रत्नागिरी
२२ सप्टेंबर

चि. मृणाल,

तुझा फोन आला तेव्हा पुढ्यात गिऱ्हाईक उभं होतं, धड बोलता आलं नाही. विषयही फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तू म्हणालीस, चार सिलेंडरची गाडी मिसिंग मारत होती, चारही प्लग नवे टाकले, काही दिवस झकास चालली आणि आता पुन्हा चढावर धक्के देते. नवे प्लगच डुप्लिकेट निघाले असं तुला वाटतंय. असतीलही, बाजारात तसला माल येतो. पण जुने प्लग कुठायत विचारलं, तर म्हणालीस भंगारात गेले. त्याचं मला फार वाईट वाटलं. रोगाचं कारण त्या चार प्लगांवरच दिसलं असतं.

आधी हे समजून घे, की नवा प्लग टाकल्यावर गाडी बरी का वाटली. प्लगच्या टोकाला कडा धारदार असल्या की ठिणगी सहज उडते. प्लग जुना झाला की त्या कडा गोल होतात, मधली फट वाढते आणि ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. तुझ्या गाडीची एखादी कॉइल कमजोर असेल, तर नवीन प्लगवर ती जेमतेम निभावून नेते. पुढे पावसाची ओल धरली, प्लग थोडा काळवंडला, की पुन्हा तोच पाढा. म्हणजे प्लग बदलून तू रोग झाकलास, आणि जुने फेकून खूणही घालवलीस. अजून वेळ गेलेली नाही. आता घातलेले प्लग काढ आणि नीट बघ.

काढायचीही पद्धत आहे. आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ प्लगच्या खोबणीत जाऊन बसते, पावसात तिचा चिखल होतो. आधी हवा मार, मगच पाना लाव. नाहीतर ती माती थेट बोअरमध्ये जाईल आणि मिसिंग शोधता शोधता रिंगांचं काम निघेल. इंजिन गरम असताना प्लग काढू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे सोलवटतात. आणि नुसती उभ्या उभ्या चालू ठेवलेली गाडी बघून निदान करायचं नाही. थंड इंजिन दहा मिनिटं आयडलला ठेवलं तर चांगला प्लगही काळा दिसतो. लांज्यातून वेरळच्या दिशेने हायवेला काढ, इंजिन चांगलं तापू दे, थोडा चढ खेचू दे, मग बंद करून निवू दे.

काढलेले प्लग खिशात किंवा ट्रेमध्ये एकत्र टाकू नकोस. पुठ्ठ्याला चार भोकं पाड, एक ते चार आकडे घाल आणि ज्या सिलेंडरचा प्लग त्याच भोकात उभा कर. चारही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक आहे: एअर फिल्टर तुंबलाय, पेट्रोल जास्त जातंय, सेन्सर चुकीचं सांगतोय. तीन ठीक आणि एकच वेगळा असेल तर दोष त्या एका सिलेंडरचा. एवढ्या एका नजरेत निम्मं काम होतं, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

मग एकेक हातात घे, उन्हात धर. मधल्या पोर्सेलिनचा रंग भाजलेल्या काजूगरासारखा किंवा फिकट राखाडी असला की आतली ज्वलनक्रिया ठीक. कोरडी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा म्हणजे त्या सिलेंडरमध्ये पेट्रोल जातंय पण पेटत नाहीये. काळा, तेलकट, चिकट म्हणजे रिंगांतून नाहीतर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर येतंय, तिथे प्लग कितीही बदललेस तरी व्यर्थ. पांढराफटक, फुगवटे आलेला म्हणजे प्लग भयंकर तापतोय: हवा कुठून तरी जादा शिरतेय, टायमिंग पुढे आहे किंवा प्लगचा नंबरच चुकीचा आहे. आणि पांढऱ्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार ठिपके दिसले तर ती गाडी चालवत कोणालाही नेऊ देऊ नकोस, पिस्टन वितळायला लागलाय.

नंबरवरून सांगतो. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि ८५० च्या आसपास गेलं की ते स्वतःच मिश्रण पेटवायला लागतं. या दोन्हींच्या मध्ये राहावं म्हणून कंपनी ठरावीक नंबर देते. दुकानदार ‘हाही बसतो’ म्हणेल. आट्यांत बसतो म्हणजे इंजिनाला चालतो असं नाही. एनजीकेमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा; बॉशमध्ये नेमकं उलटं. दोन्हीत गल्लत करणारे मेकॅनिक मी पाहिलेत.

आता प्लगच्या बाहेरच्या बाजूकडे ये. तिकडे कोणी बघत नाही, आणि कोकणात तीच बाजू जास्त बोलकी असते. पांढऱ्या पोर्सेलिनवर वरून खाली गेलेली पेन्सिलसारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट आत न जाता बाहेरून बॉडीला पळतोय. प्लग कॅपच्या किंवा कॉइलच्या रबराच्या आतही तशीच रेघ सापडेल. मग दोन्ही एकदम बदल, कारण एकाची रेघ दुसऱ्याला पुन्हा खराब करते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात हे फार होतं. मिरकरवाड्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मी हे कायम बघतो. रबराच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दे. मात्र धातूच्या कडेलगत पोर्सेलिनवर जो तपकिरी डाग गोल फिरलेला असतो त्याला घाबरू नकोस. लोक म्हणतात गॅस लीक आहे. तसं नसतं, उच्च दाबाच्या विजेने हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. तो निरुपद्रवी आहे.

तेल बाहेरच्या खोबणीत साचलंय की आतल्या टोकाला लागलंय, हेही नीट बघ. खोबणीत असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, थोडक्यात भागेल. टोकाला असेल तर इंजिन उघडायची तयारी. या दोन्हींत गिऱ्हाइकाच्या खिशाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून त्याला आकडा सांगण्याआधी दोनदा बघ.

प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून ठिणगी बघायची आणि ‘करंट आहे’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय तुला लागू देऊ नकोस. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलेंडरमध्ये हवा दाबली गेल्यावर त्याच फटीला त्याच्या कितीतरी पट लागतात. बाहेर निळी ठिणगी देणारी कॉइल आत हार खाते, आणि तीही चढावर, थ्रॉटल उघडल्यावर, दाब सर्वांत जास्त असताना. म्हणूनच मारुती मंदिराच्या सिग्नलला गुपचूप उभी राहणारी गाडी आंबा घाटात धक्के मारते. सीएनजीचंही तेच. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर मिसिंग, असं कोणी सांगितलं तर गॅस किटवाल्याकडे पाठवण्याआधी प्लगची फट आणि कॉइल बघ. गॅस पेटवायला जास्त जोरकस ठिणगी लागते.

तुझ्याकडे स्कॅनर आहे, तो जरूर लाव. पी०३०१ आला तर एक नंबरचा सिलेंडर, पी०३०३ तर तीन नंबरचा. सिलेंडर कळला, कारण नाही. मग एकची कॉइल तीनला लाव आणि गाडी फिरवून आण. कोड कॉइलबरोबर तीनला गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल कर. तरीही हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि इंजिनाचा दिवा उघडझाप करत असेल तर मालकाला लगेच थांबायला सांग, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं आणि तो खर्च प्लगच्या शंभरपट असतो.

प्लग परत बसवताना फिलर गेजने फट मोज, मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच ठेव. बाइकला बहुतेक ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं नाजूक असतं, त्यावर ना गेज दाबायचा ना पॉलिश पेपर घासायचा. तारेच्या ब्रशने पोर्सेलिन घासू नकोस, धातूचे ओरखडे राहतात आणि त्यावरूनच करंट पळतो. आधी हाताने आटे लावून घे. नवीन वॉशर असेल तर पाना लावून अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वापरलेला असेल तर जेमतेम बारावा हिस्सा. प्लग सैल राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि चांगला प्लगही पांढरा पडतो.

यापुढे काढलेला प्रत्येक प्लग डब्यात ठेव. वर चिकटपट्टी लाव, गाडीचा नंबर, सिलेंडर, किलोमीटर आणि तारीख लिही. गिऱ्हाइकालाही तो हातात देऊन दाखव. कशाचे पैसे देतोय ते कळलं की तो घासाघीस कमी करतो आणि पुन्हा तुझ्याकडेच येतो.

आता पाऊस सरतोय, हापूसच्या बागांत गवत काढायची कामं निघतील आणि तुझ्याकडे ग्रास कटर येऊ लागतील. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचं प्रमाण अंदाजाने टाकलेलं असतं, त्यामुळे प्लगच्या फटीत काजळीचा पूलच तयार होतो आणि ठिणगी बंद पडते. प्लग साफ करून देशील, पण मालकाला पेट्रोल-ऑइल मोजून मिसळायला सांगितल्याशिवाय मशीन हातात देऊ नकोस, आणि सायलेन्सरची जाळीही काढून बघ. लांज्याला येणाऱ्या एसटीने तुला चांगला फिलर गेज आणि रबरवाला प्लग पाना पाठवतो. त्या गाडीचे चारही प्लग पुठ्ठ्यावर लावून फोटो पाठव, बाहेरच्या बाजूचेही. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा